एस्पोझितो आडनावाचं गोत्र

तांडा, शेलूबाजारजवळ
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

ती. सोमला फुफाजी यांस उज्ज्वलाचा जय सेवालाल.

तुमचा गुडघा, आत्याचा खोकला आणि बादलची सोयाबीन, या तिन्हींची खुशाली कळवावी. इथे सगळे बरे आहेत. फोन न करता लिहिते आहे, कारण फोन आला की तुम्ही स्पीकर लावून तो ओट्यावर ठेवता आणि तुमच्याआधी शेजारचे उत्तर देतात. या विषयावर मला उत्तर तुमचं हवं आहे. आधी जे झालं ते क्रमाने:

१. जेन्नारो एस्पोझितो (राहणार नेपल्स, इटली, सोयाबीन निवडणारी यंत्रं बसवायला आमच्या पुण्याच्या कंपनीत आलेला इंजिनिअर) आणि मी, आम्ही लग्न करायचं ठरवलं.

२. बाबांना विचारायला तो तांड्यात आला. बाबा हो म्हणाले. पण पंचांच्या संमतीने तांड्यात गूळ वाटला गेला तरच.

३. पंच बसले. परका माणूस म्हणून त्याला मान्य करायला सगळे तयार होते.

४. हेमला गुरुजींनी तो परका नसून आपलाच आहे, असं सिद्ध केलं. सगळ्यांना आनंद झाला.

५. आपलाच म्हटल्यावर किशन नाईकांनी त्याचं गोत्र विचारलं.

६. गूळ आमच्या घरात तसाच आहे. त्याला मुंग्या लागल्या आहेत.

आत्या त्या दिवसांत इथे होती, त्यामुळे तुम्हाला सगळं कळलंच असेल. आत्याने सांगितलेलं तिच्या पद्धतीने खरंच असणार. पण तिच्या सांगण्यात जेन्नारो सात फूट उंच असतो आणि मी रडलेली असते, म्हणून स्वतंत्रपणे लिहिणं भाग आहे. तुम्ही स्वतः आला नाहीत, याची नोंद सगळ्यांनी घेतली. आपल्याकडे मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क समजतात. त्याप्रमाणे तुम्ही बादलसाठी मला मागणी घातली होती, मी नाही म्हटलं होतं, आणि तेव्हापासून तुम्ही आमच्या घरी कार्याला येत नाही. बादल स्वतः येतो, पोटभर जेवतो आणि मला नाही म्हटल्याबद्दल दर वेळी आभार मानतो. (वहिनी ऐकत असल्या तर जास्त मोठ्याने.) तो विषय मी इथेच थांबवते.

जेन्नारो जऊळक्याच्या स्टेशनावर उतरला. बाबा मोटरसायकलवर त्याला आणायला गेले होते. वाटेत बाबा बोलत होते आणि त्याला एक अक्षर कळलं नाही, कारण दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. तरी अंगणात उतरल्यावर बाबांनी आईला सांगितलं, "पोरगा समजदार हाय. मी बोललो ते सारं ऐकून घेतलं." मग आत्या पुढे झाली. तुम्हाला माहीत आहे, आत्या पाहुण्याला भेटते तेव्हा रीतीप्रमाणे भेटते: गळ्यात हात टाकून, चालीवर, मोठ्याने रडत, घरातल्या गेलेल्या प्रत्येक माणसाचं नाव घेत. तिच्यामागे आणखी तीन म्हाताऱ्या होत्या. याबद्दल जेन्नारोला आधी सांगून ठेवायला हवं होतं. मी त्याला फक्त चपला कुठे काढायच्या एवढंच सांगितलं होतं. तो घाबरेल असं मला वाटलं. त्याने आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तोही रडला. खरोखर, आवाज काढून, बराच वेळ. पहिलं कडवं संपलं तेव्हा तो थांबला आणि दुसरं सुरू झालं तेव्हा पुन्हा लागला. नंतर मी त्याला विचारलं. तो म्हणाला, आमच्या गल्लीत कोणी बाई गळ्यात पडून रडत असेल तर आपण कोरडं उभं राहणं असभ्य समजतात. माझ्या मते हे पुरेसं स्पष्टीकरण आहे. हेमला गुरुजींच्या मते नाही.

पंच दुसऱ्या दिवशी लिंबाखाली बसले. सुरुवात चांगली झाली, हे मी नमूद करते. किशन नाईक म्हणाले, "कोर हाय तर कोर हाय. पोरगी शिकेल हाय, पोरगा कमावता हाय, दोघंबी दारू पीत नाईत." (ही माहिती बाबांनी पुरवली होती; अर्धी बरोबर आहे.) "तांड्याले जेवन द्या अन् मोकळे व्हा." कोर, म्हणजे बंजारा (गोरमाटी) नसलेला, परका. परक्याला गोत्र नसतं, त्यामुळे अडथळाही नसतो. बाबांनी आईला खूण केली, आईने गुळाची परात आणली. एवढ्यात गुरुजी उभे राहिले.

गुरुजींचा माझ्यावर लोभ आहे, हे मी विसरत नाही. मला गणिताची गोडी त्यांनी लावली. तेव्हा त्यांनी जे केलं ते माझ्या भल्यासाठीच केलं. परिणाम वेगळा झाला, एवढंच. त्यांचं म्हणणं असं: आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. त्यातले काही तांडे पश्चिमेकडे गेले ते परतले नाहीत, आणि युरोपात आज जे भटके लोक आहेत ते त्यांचेच वंशज. (असं मानणारे अभ्यासक आहेत. पण ते लोक वेगळे आणि जेन्नारोचं घराणं वेगळं, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. "तू थांब," असं उत्तर मिळालं.) मग त्यांनी पुरावे मांडले. एक, पाहुणा आपल्या चालीवर रडला. दोन, लसणाची चटणी पाणी न पिता खाल्ली. तीन, मांडी घालून बसला आणि पाय न अवघडता उठला. चौथा पुरावा त्यांनी शेवटी ठेवला होता. त्यांनी जेन्नारोला खिशातल्या किल्ल्या काढायला लावल्या. त्याच्या किल्ल्यांना एक लाल शिंग अडकवलेलं असतं, बोटाच्या पेराएवढं. नेपल्समध्ये दृष्ट लागू नये म्हणून असं शिंग जवळ बाळगतात, ते कुठल्याही दुकानात मिळतं. गुरुजींनी ते वर धरलं आणि सगळ्यांना दाखवलं. "बैलाचं शिंग," ते म्हणाले. "अन् शेंदरी. आता बोला."

मग एकदम सगळे बोलायला लागले. ज्यांनी आदल्या दिवशी त्याच्याकडे ओढ्याला आलेल्या पुरासारखं लांबून पाहिलं होतं, ते येऊन त्याच्या पाठीवर हात फिरवू लागले. एका आजोबांनी त्याला विचारलं, "इतकी वर्सं कुठी होते रे बापा?" मी भाषांतर केलं. जेन्नारोने सांगितलं, मागची दोन वर्षं पुण्यात. आजोबांनी डोळे पुसले.

आणि मग नाईकांनी गोत्र विचारलं. यात त्यांची चूक नाही. आपला माणूस भेटला की दुसरा प्रश्न तोच असतो. पहिला, पाणी घेता का. जेन्नारोला मी समजावून सांगितलं ते असं: आपल्यात राठोड, पवार, चव्हाण, जाधव अशी गोत्रं आहेत. प्रत्येकाचे पोटभाग आहेत, त्यांना पाडे म्हणतात. एका गोत्राचे सगळे, मग ते कितीही लांबचे आणि एकमेकांना कधी न भेटलेले असोत, भाऊ-बहीण. त्यांचं लग्न होत नाही. मी राठोड. म्हणून तू राठोड नाहीस, एवढं सिद्ध व्हायला हवं. तो म्हणाला, मी एस्पोझितो आहे, ते सिद्ध आहे, पासपोर्टवर लिहिलेलं आहे. मी ते भाषांतर केलं. नाईक म्हणाले, "थे आडनाव झालं. आडनाव कोनीबी लावते. त्याच्या मांगं काय हाय थे सांग."

बाबा माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "चव्हान सांगून दे न. कोन पायते?" फुफाजी, सूचना व्यवहार्य होती. पण यंत्राचा काटा हवा तिथे वळवून मग आकडा वाचायचा, हे काम मी पगारासाठीही करत नाही. स्वतःच्या लग्नासाठी करणं बरं दिसलं नसतं. मी पंचांकडे मुदत मागितली आणि आडनावाच्या मागे काय आहे ते शोधलं. जेन्नारोने आईला फोन केला, आईने काकाला, काकाने त्यांच्या चर्चच्या धर्मगुरूंना. बाकीचं मी वाचलं. जे निघालं ते असं.

इटलीत आडनावं आपल्यासारखीच पडली आहेत: कोणाचं धंद्यावरून, कोणाचं गावावरून, कोणाचं बापाच्या नावावरून, कोणाचं रंगारूपावरून. लोहार, टेकडीवाले, पेत्रूचे, लालकेशे, असं. एस्पोझितो यातलं नाही. एस्पोझितो म्हणजे बाहेर ठेवलेला. नेपल्समध्ये एका मोठ्या चर्चला लागून अनाथालय होतं. त्याच्या भिंतीत एक लाकडी फिरतं खोकं बसवलेलं होतं. ज्या बाईला मूल ठेवून घेता येत नसे ती ते रस्त्याच्या बाजूने खोक्यात ठेवी, खोकं फिरवी आणि निघून जाई. आतल्या बाजूला एक बाई बसलेली असे. ती मूल उचलून घेई, त्याला नाव देई, आणि आडनाव कोणाचं द्यायचं हे माहीत नसल्याने सगळ्यांना हेच एक देई. मिलान शहरात अशा मुलांना कोलंबो म्हणत, म्हणजे कबूतर, कारण तिथल्या इस्पितळाचं चिन्ह कबूतर होतं. फ्लोरेन्समध्ये इनोचेंती, म्हणजे निष्पाप. नेपल्सच्या लोकांनी सरळ जे झालं तेच लिहिलं. पुढे दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या राजाने हुकूम काढला, की मुलांना असं ओळखू येणारं आडनाव द्यायचं नाही. पण तोपर्यंत दिलेली परत घेता येत नव्हती. ती मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली. आज नेपल्समध्ये हे सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे. तिथून लोक जहाजाने अर्जेंटिनात गेले, अमेरिकेत गेले, ऑस्ट्रेलियात गेले, तिथेही ते पसरलं. (आपल्याकडे राठोड जसे यवतमाळपासून तेलंगणापर्यंत. फरक एवढाच, की सगळे राठोड एकमेकांचे भाऊ समजले जातात, आणि दोन एस्पोझितो एकमेकांचे कोणीही असू शकतात. बहुधा कोणीच नसतात.) जेन्नारोच्या पणजोबांचे पणजोबा त्या खोक्यात ठेवलेले होते. त्यांच्या मागे काही सापडत नाही. रस्ता सापडतो.

पंच पुन्हा बसले तेव्हा हे मी त्यांच्यापुढे उभं राहून जसंच्या तसं सांगितलं. मग बाबांनी जेन्नारोला विचारलं, "तुले वाईट नाई वाटत का बापा, असं नाव लावाले?" जेन्नारो म्हणाला, आमच्या घरात हे कोणी लपवत नाही. ज्या अर्थी मी इथे बसलो आहे त्या अर्थी आत कोणीतरी जागं होतं. (हे मी शब्दशः उतरवलं आहे. एरवी मी फक्त तांत्रिक मजकुराचं भाषांतर करते.)

गोष्ट इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण आडनाव किती पसरलं आहे ते नीट कळावं म्हणून जेन्नारोने एक उदाहरण दिलं, आणि मी ते भाषांतर करून मोकळी झाले, पुढचं वाक्य मनात तपासण्याआधी. तो म्हणाला, माझी आईसुद्धा माहेरची एस्पोझितो.

फुफाजी, लिंबाखाली जो आवाज झाला तो तुम्ही ऐकायला हवा होता. दोन पंच उठून उभे राहिले. एकाने टोपी घातली. "बापाचं तेच अन् मायचं तेच?" गुरुजी म्हणाले. त्यांना सगळ्यात जास्त धक्का बसला होता, कारण माणूस त्यांनी आणला होता. "मंग ह्याचा मामा कोन? काका कोन? एकच मानूस दोन्ही झाला न." मी सांगितलं, की ती दोन वेगळी मुलं होती, वेगळ्या आयांनी वेगळ्या वर्षी ठेवलेली, आडनाव एक असलं तरी रक्त एक नाही. नाईक म्हणाले, "तुले कसं ठाऊक? तूच म्हनली न, मांगचं काई सापडत नाई." आक्षेप बिनचूक होता. आत्या तेवढ्यात बायकांमधून मोठ्याने म्हणाली, "ह्याची माय सकाळी फोनवर मले रडून भेटली. चांगली बाई हाय. तिच्यावर बोलाचं काम नाई." तेव्हा उभे राहिलेले पंच बसले. टोपी मात्र शेवटपर्यंत डोक्यावर राहिली.

त्यानंतर गुरुजींनी गणित मांडलं. जेन्नारोचा मूळ पुरुष आपल्यातलाच (हे त्यांच्या मते सिद्ध). गोत्र अज्ञात. आपल्यात राठोडांची संख्या मोठी. तेव्हा अज्ञात माणूस कोणत्याही एका गोत्रापेक्षा राठोड असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे बहुधा तो माझा भाऊ. मी दोन वेळा पडताळून पाहिलं. आकडेमोडीत दोष नाही; दोष पहिल्या ओळीत आहे, आणि पहिली ओळ खोडायची तर गुरुजींना तांड्यासमोर खोटं पाडावं लागतं. मी तेही केलं असतं. पण तोवर तांड्यात प्रत्येक घरी जेन्नारोचं जेवण होऊन गेलं होतं. त्याला परत परका करायला कोणीच तयार नव्हतं. "आता सापडला तर सोडाचा कायले?" असं नाईकच म्हणाले. म्हणजे स्थिती अशी झाली, की तो परका राहिला असता तर माझं त्याच्याशी लग्न झालं असतं, आणि तो सगळ्यांना इतका आवडला की होऊ शकत नाही.

कायद्याला गोत्र लागत नाही, हे मला माहीत आहे. पुण्यात नोंदणी करून हे लग्न उद्या होऊ शकतं. बाबांना मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "कर न. मी अडवत नाई. पन गूळ वाटल्याबिगर मी मांडवात उभा नाई राह्यनार." रागाने म्हणाले असते तर मी वाद घातला असता. ते बैलाला पाणी दाखवत होते आणि माझ्याकडे पाठ होती. म्हणून मी पुण्याची तारीख घेतलेली नाही.

मार्ग निघाला तो भागिरथाबाईंकडून. त्या तांड्यात सगळ्यात वयस्क आहेत आणि पंचांच्या बैठकीत झोपतात असा समज आहे. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ठिवलं कोनी थे काहून इचारून राह्यले तुमी? घेतलं कोनी थे इचारा. ज्यानं घेतलं त्याचं गोत." नाईकांनी विचारलं, घेणारी ती आतली बाई कोण होती. जेन्नारो म्हणाला, माहीत नाही. अशा मुलांना तिथे चर्चमधल्या देवीची मुलं म्हणत. भागिरथाबाई म्हणाल्या, "मंग देवीनं बहुत दिवस सांबाळलं. आता कोनी मानूस घेईन का?"

त्यावर विचार होऊन असं ठरलं: योग्य गोत्राच्या एखाद्या विवाहित पुरुषाने जेन्नारोला पंचांसमोर मांडीवर घेतलं, म्हणजे मुलगा मानलं, तर त्याचं गोत्र ते जेन्नारोचं. मागे काय होतं याची चौकशी कोणी करायची नाही. मग योग्य कोण, याची छाननी झाली. राठोड बाद, भाऊ होतो. पवार बाद, ते आईचं माहेर, आणि मामाचा मुलगा आपल्याकडे भाऊच. जाधवांचं आमच्या तांड्यात एकच घर आहे, राजूचं. तो लगेच तयार झाला, पण बाप म्हणून आपल्यालाही इटलीला जाता येईल का, असं त्याने विचारलं, आणि तो जेन्नारोपेक्षा चार वर्षांनी लहान निघाला. बाप मुलापेक्षा मोठा असावा, असा निर्णय पंचांनी एकमताने दिला. (या प्रकरणातला एकमताचा हा एकच निर्णय.) उरले चव्हाण. आमच्या तांड्यात चव्हाणांचं घर नाही. इथपर्यंत आल्यावर सगळे दुसरीकडे कुठेतरी पाहू लागले. बाबा बैलांकडे, नाईक लिंबाकडे, गुरुजी चष्म्याकडे. आत्या मात्र माझ्याकडेच पाहत होती.

पंच पुन्हा बुधवारी, पंधरा तारखेला बसणार आहेत. दिवाळीच्या आधी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एकदा त्या निघाल्या की उन्हाळ्यापर्यंत तांड्यात पंच भरण्याइतकी माणसं राहत नाहीत, आणि जेन्नारोचं पुण्यातलं काम त्याआधी संपतं. सध्या तो आमच्याकडे आहे. दिवसभर बाबांसोबत कापलेल्या सोयाबीनची सुडी रचत असतो. दोघांना अजून एकमेकांची भाषा येत नाही. बाबा बोलतात, तो मान हलवतो. काल बाबांनी मला सांगितलं, की त्याला त्यांनी शेजारच्या बांधाच्या भांडणाची पूर्ण हकीकत सांगितली आणि त्याचं मत आपल्यासारखंच पडलं.

वस्तुस्थिती कळवावी, एवढाच या पत्राचा हेतू आहे. मी काही मागत नाही. आत्यास आणि वहिनींना नमस्कार, बादलला त्याच्या आभारांबद्दल आभार.

आपली,
उज्ज्वला सेवादास राठोड

ता. क. मांडीवर घेण्याबद्दल मी नाईकांकडून नीट विचारून घेतलं. जेन्नारो सहा फुटांच्या जवळ आहे (सात नाही). त्याने पूर्ण भार टाकण्याची गरज नाही. मुलाने टेकल्यासारखं केलं आणि बापाने खांद्यावर हात ठेवला की पुरतं. तुमचा उजवा गुडघा दुखतो असं आत्या म्हणते, डावा चालेल.

दुसरं. शेतीच्या वाट्याबद्दल कोणी तुमच्या कानावर काही घालेल, म्हणून लिहिते: जेन्नारो लिहून द्यायला तयार आहे, की त्याला काही नको. बादलला मी फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मले लहानपनापासून भाऊ पायजेच होता. पन असा नाई सांगतला कोनी, का थो विमानानं येईन." मी हे संमती म्हणून धरलं आहे.

तिसरं. वर मी काही मागत नाही असं लिहिलं. ते वाक्य तपासून पाहिलं, बरोबर नाही. मी मागते आहे. पंधरा तारखेला तुम्ही यावं, लिंबाखाली बसावं आणि या मुलाला तुमचा म्हणावं, चव्हाण म्हणून, पालथिया पाड्याचा. म्हणजे बाबा मांडवात उभे राहतील. जेन्नारोला मी हे सांगितलं, तेव्हा त्याने एकच विचारलं: त्या माणसाने नाही म्हटलं तर त्याच्याकडे नुसतं जेवायला जाता येईल का. मी म्हटलं, येईल.

चौथं, आणि हे आत्याने लक्षात आणून दिलं. मी स्वतः हिशेब पुरा केला नव्हता. जेन्नारो तुमचा मुलगा झाला, की मी आत्याच्या मुलालाच दिलेली ठरते. म्हणजे तुम्ही मागितली होती तशी तुमच्याच घरची सून होते. त्या वेळी मी कारणांसह नाही म्हटलं होतं. ती कारणं परवा आठवून पाहिली. सगळी बादलबद्दल होती (त्याला मान्य आहेत). घराबद्दल एकही नव्हतं. तुम्ही मला शेलूबाजारच्या जीपमध्ये पुढे बसवून शाळेत पोचवत होता, ते मला आठवतं. निरोपाच्या वेळी नवरीने चालीवर रडायचं असतं आणि मला रडता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आत्या शिकवीन म्हणते. पण ती सासू होणार असेल तर तिच्याकडून शिकणं रीतीला धरून होईल का, हे तुम्हीच सांगा.

हे पत्र शेलूबाजारहून कारंज्याला जाणाऱ्या जीपवाल्याकडे देते आहे; तो पुढे धनजला पोचवेल. त्याच्याकडेच उलट चिठ्ठी द्यावी. हो असो की नाही, उत्तर तुमच्या हातचं असावं आणि रविवार, बारा तारखेपर्यंत मला मिळावं.